दोन हातांचा रॉड: पहिली लाइन आणि पहिला लीडर कोणता घ्यावा?

इन्व्हर्नेसवासी

नमस्कार मंडळी.

एकहाती फ्लाय रॉडने ट्राउट धरायची सवय आहे. आता सॅमनसाठी दोन हातांची कास्टिंग शिकायला घेतली आहे. १३ फुटी, ८ नंबरचा रॉड एका मित्राकडून मिळाला, रील आहे, पण लाइनपाशी गाडी अडली आहे.

दुकानात एकाने स्कँडी हेड (हेड म्हणजे लाइनचा पुढचा जाड, जड भाग) घे म्हणून सांगितलं, दुसऱ्याने स्कॅजिट. नदीवर भेटलेले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ५५ फुटांच्या आतलं हेड घेतलंस तर कास्टिंग कधीच येणार नाही. डब्यांवर कुठे ८ लिहिलंय, कुठे ८/९, कुठे ५२० ग्रेन, कुठे ३४ ग्रॅम. आणि लीडरबद्दल, म्हणजे लाइन आणि फ्लाय (गळावर बांधलेली पिसांची नकली माशी) यांच्यामधल्या नायलॉनबद्दल, कोणी चकार शब्द काढत नाही. "लाव नऊ-दहा फुटांचा काहीतरी," एवढ्यावर बोळवण होते.

मी मुख्यतः स्पे नदीवर ग्रँटाउनच्या आसपास जाणार आहे. तिथे स्थानिक असोसिएशनच्या पाण्याचं तिकीट बाहेरच्यांनाही मिळतं. स्पेचा हंगाम ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. रविवारी स्कॉटलंडभर सॅमनला बंदी, त्यामुळे नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला शनिवार तेवढा येतो. तो दिवस लाइनी बदलण्यात घालवायचा नाही. एकच लाइन घेऊन तिच्यावर नीट शिकायचं असेल तर कोणती? लीडर किती लांब, कसला? आणि ग्रेनचं गणित कोणी समजावून सांगेल का?

---

रेनकोट

स्वागत! मी सिअॅटलला असतो. स्कॅजिट नदी आमच्याकडून तास-दीड तासावर आहे, तेव्हा मी कुठल्या बाजूने बोलणार हे उघड आहे.

स्कॅजिट हेड आखूड आणि जड असतं, साधारण २० ते २६ फूट. त्याच्या पुढे १० फुटांची बुडणारी टिप आणि टिपच्या पुढे तीन-चार फूट टिपेट (फ्लाय बांधायचं बारीक नायलॉन), बस्स. हिवाळ्यातला स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट) थंड पाण्यात तळाशी असतो, मोठा फ्लाय त्याच्यापर्यंत उतरवावा लागतो, आणि मागे झाडी इतकी की लाइन मागे फेकायला जागाच नाही. त्या गरजेतून १९९० च्या दशकात एड वॉर्ड, माइक मॅक्यून, स्कॉट ओ'डॉनल या मंडळींनी ही पद्धत घडवली. बाजारात 'मॉव' नावाच्या टिपा मिळतात, ती याच तिघांच्या नावांची आद्याक्षरं.

शिकणाऱ्याला याचा मोठा फायदा म्हणजे वेळ मिळतो. स्कॅजिटमध्ये लाइन आधी पाण्यावर ठेवायची, टिप पाण्यात थोडी रुतली की मग रॉड सावकाश गोल ओढत न्यायचा आणि पुढे फेकायचं. डबल स्पे, स्नॅप-टी हे कास्टचे प्रकार, सगळे असेच. घाई नाही. नवीन माणूस पहिल्याच दिवशी ६० फुटांवर फ्लाय टाकू शकतो. माशाच्या आशेने नदीवर जाणाऱ्याला तो दिलासा फार लागतो.

---

मेलारेन

रेनकोट यांनी स्कॅजिटचं वर्णन अगदी बरोबर केलंय, पण धागाकर्त्याला मी ते पहिलं म्हणून देणार नाही. कारण सांगतो.

मी स्टॉकहोमला असतो, सॅमनसाठी मोरुम नदीवर जातो. इथे योरान अँडरसन यांनी रुजवलेली अंडरहँड पद्धत चालते. हेड साधारण ३३ ते ३९ फूट, मागे जाड आणि पुढे लांबलचक निमुळतं होत गेलेलं. वरचा हात फक्त दिशा देतो, काम खालचा हात करतो. खालची मूठ पोटाकडे ओढायची. एकहाती रॉडवरून आलेल्या प्रत्येकाला वरच्या हाताने ढकलायची सवय असते आणि हलकं स्कँडी हेड ती सवय लगेच उघडी पाडतं. जड स्कॅजिट हेड ती लपवतं. ढकललं तरी वजनाच्या जोरावर लाइन जाते, आणि माणसाला वाटतं आपल्याला जमलं.

आता लीडर. धाग्याच्या शीर्षकात तो आहे म्हणून बरं वाटलं, कारण माझ्या मते पहिल्या वर्षी लाइनपेक्षा लीडरच जास्त शिकवतो.

दोन हातांच्या कास्टमध्ये लाइन पूर्ण मागे हवेत जात नाही. आपल्या मागे तिचा इंग्रजी डी अक्षरासारखा फुगा तयार होतो आणि पुढचं टोक आपल्या बाजूला पाण्याला टेकलेलं राहतं. त्या टेकण्याला अँकर म्हणतात. पाण्याने ते टोक धरून ठेवलं तरच रॉड वाकतो. पण धरलं किती, यावर सगळं अवलंबून आहे. कमी धरलं तर पुढे फेकताना टोक सुटून मागे उडतं, चाबकासारखा आवाज येतो आणि लाइन पुढ्यात गोळा होऊन पडते. जास्त धरलं तर पाणी ओरबाडत लाइन निघते, निम्मी ताकद तिथेच संपते. स्कँडीमध्ये पाण्याला टेकलेला भाग म्हणजे जवळजवळ सगळा लीडरच. मग "लाव नऊ फुटांचा काहीतरी" हे उत्तर कसं चालेल? पतंगाची शेपटी कमी पडली तर तो गोते खातो, जास्त झाली तर उठत नाही. लीडरचं तेच आहे.

१३ फुटी रॉडला तरंगत्या स्कँडी हेडपुढे मी १४ ते १५ फूट लीडर लावतो. म्हणजे रॉडच्या लांबीएवढा किंवा हातभर जास्त. आणि तो निमुळताच हवा. हेडच्या टोकाला थेट बारीक नायलॉन बांधलं तर सांध्यापाशी लाइन मोडल्यासारखी दुमडते, ताकद फ्लायपर्यंत पोचत नाही. विकतचा १५ फुटी निमुळता सॅमन लीडर चालेल. घरी बांधायचा तर माझं माप: ४० पाउंडी नायलॉन ५ फूट, ३० पाउंडी ४ फूट, २० पाउंडी ३ फूट आणि शेवटी १२ किंवा १५ पाउंडी टिपेट ३ फूट. मधल्या गाठी ब्लड नॉटच्या. ओढण्याआधी थुंकी लावून ओल्या करायच्या आणि सावकाश आवळायच्या. कोरड्या आवळल्या तर नायलॉन तापून तिथेच कमजोर होतं. टोकं अगदी मुळाशी कापायची, नाहीतर डी-फुग्यात लीडर स्वतःच्याच गाठीत अडकतो.

---

टेकाठ

मी पर्थला, टे नदीच्या काठावर. नदीवर भेटलेले गृहस्थ मी नव्हे, पण त्यांची बाजू मांडतो, कारण त्यात तथ्य आहे.

आखूड हेडमध्ये प्रत्येक कास्टनंतर रनिंग लाइन (हेडच्या मागची बारीक लाइन) ओढून हेडचा शेवट रॉडच्या टोकापाशी आणावा लागतो. टेच्या रुंद डोहांवर ७०-८० फुटांवर मासेमारी करताना हे दर वेळी करायचं. मार्च महिन्यात, बर्फाच्या पाण्यात, बोटं बधिर झालेली असताना. लांब हेड असेल तर थोडीशी लाइन ओढा, उचला आणि फेका. शिवाय पाण्यावर लाइन पडल्यावर तिला वरच्या बाजूला वळण देऊन फ्लायचा वेग कमी करणं लांब हेडने होतं. हेडच्या मागची बारीक रनिंग लाइन लांबून वळवायला गेलात तर ती नुसती हलते, हेड जागचं हलत नाही.

शिकण्याच्या दृष्टीने म्हणाल तर लांब हेडला उचल नीट लागते. रॉडचं टोक पाण्याजवळून सावकाश वर न्यावं लागतं. कोणी सुरुवातीलाच झटका दिला तर काही होत नाही. ती शिस्त अंगात मुरली की पुढे कोणतीही लाइन हातात द्या.

पण १३ फुटी रॉडला ५५ फुटी हेड मी स्वतःसुद्धा देणार नाही. ते १५ फुटी रॉडचं काम. रॉडच्या लांबीच्या चौपटीवर हेड गेलं की ते उचलायला अनुभव लागतो. आणि एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलात की रॉड तेवढाच आखूड झाल्यासारखा असतो. गुडघाभर पाण्यात सहज निघणारी लाइन कमरेएवढ्या पाण्यात ओढल्यासारखी निघते. स्पेच्या वेगाला नवीन माणसाने फार आत जाऊच नये. काठी आणि लाइफ जॅकेट पाहिजेच.

तेव्हा माझा सल्ला: ४० ते ४५ फूट हेड, सलग रनिंग लाइन जोडलेली.

---

तोळामासा

ग्रेनचं गणित मी घेतो, तो माझा आवडीचा विषय.

ग्रेन हे वजनाचं जुनं माप. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. डब्यावरचे ३४ ग्रॅम म्हणजे साधारण ५२५ ग्रेन. म्हणजे ५२० ग्रेनचा आणि ३४ ग्रॅमचा डबा जवळपास एकच वजन सांगतात.

घोळ नंबरांचा आहे. एकहाती लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो, ८ नंबर म्हणजे २१० ग्रेन. दोन हातांच्या ८ नंबरच्या रॉडला याच्या दुपटीहून जास्त वजन लागतं, त्यामुळे एकहातीची ८ नंबरची लाइन काढून इकडे लावायचा विचारही करू नका. आणि दोन हातांच्या ८ नंबरमध्येही वजन एक नाही. ८ नंबरच्या रॉडला स्कँडी हेड पाचशेच्या आसपास, स्कॅजिट साडेपाचशेच्या आसपास, लांब हेड सहाशे-साडेसहाशेच्या पुढे. रॉड तोच.

लांब हेडला जास्त वजन का? ते वजन लांबीवर पसरलेलं असतं आणि फेकीच्या क्षणी रॉडवर त्याचा एक भागच येतो, बाकीचं पाण्यावर किंवा पुढे असतं. स्कॅजिट आखूड असूनही स्कँडीहून जड, कारण पाण्यात रुतलेली टिप आणि मोठा फ्लाय उचलायला पुढे तेवढं वस्तुमान लागतं आणि रॉडही मुळापासून सावकाश वाकवायचा असतो. स्कँडीचा झटका लहान, रॉडचा वरचा भागच जास्त वापरतो, म्हणून हलकं चालतं.

दुसरी गंमत टिपेची. स्कॅजिट हेडच्या डब्यावरचं वजन टिप सोडून असतं. टी-१४ म्हणजे फुटाला १४ ग्रेन, म्हणजे १० फुटांची टी-१४ टिप आणखी १४० ग्रेन घेऊन येते. टी-८ असेल तर ८०. म्हणून एकाच हेडवर टी-८ लावली की कास्ट उडतो आणि टी-१४ लावली की रॉड दमतो, असं होऊ शकतं.

रॉडच्या दांड्यावर, बुचाच्या मुठीच्या वर, बहुतेक कंपन्या ग्रेनचा पल्ला छापतात. तो आधी बघा. शिकताना त्या पल्ल्याच्या मधल्या किंवा किंचित जड बाजूला राहा. थोडं वजन जास्त असलं की रॉड वाकल्याचं हाताला कळतं, आणि ते कळणं हीच पहिली पायरी आहे. मात्र मेलारेन म्हणतात तसं, अगदी जड केलंत तर दोष झाकले जातील.

जुनं, डबा नसलेलं हेड मिळालं तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ग्रॅम बघा, १५.४३ ने गुणा. फक्त रनिंग लाइन त्यात धरू नका, हेडचीच वेटोळी काट्यावर असू द्या.

---

इन्व्हर्नेसवासी

तोळामासा, मनापासून धन्यवाद. रॉडवर बघितलं, ४८० ते ५७० ग्रेन छापलंय. इतके दिवस तो रॉड हातात आहे आणि तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

सगळ्यांचं वाचून दोन पर्याय उरलेत: मेलारेन यांचं स्कँडी ३६-३७ फूट, किंवा टेकाठकाकांचं ४२-४५ फूट. रेनकोट, स्कॅजिट नंतर घेईन, कारण मार्च-एप्रिलच्या भरल्या पाण्यात बुडणारी टिप लागेलच. तेव्हा पुन्हा त्रास देईन.

काका, सलग लाइन की हेड वेगळं आणि रनिंग लाइन वेगळी? आणि वाऱ्याचं काय? इथे वारा कधी थांबतच नाही.

---

टेकाठ

सलग. सांधा रॉडच्या रिंगांतून टकटक करत जात नाही आणि थंडीत बोटांना एकच जाडी लागते. नंतर वेगवेगळी हेडं वापरायची झाली तर लूप-टू-लूप (फाशात फासा अडकवून जोडायची) घ्या. मोनोची रनिंग लाइन फेक लांब नेते, पण ओली झाली की हातातून निसटते, रीलवर गुंडाळीच्या आकारात आखडते आणि तिचा गुंता सोडवता सोडवता डोह संपतो. शिकताना प्लास्टिकचं आवरण असलेली जाड रनिंग लाइन बरी.

आणि फेकायच्या आधी बघा: हेडचा शेवट रॉडच्या टोकाबाहेर दोन-तीन फूट, त्याहून जास्त नको. बहुतेक लाइनींवर तिथे रंग बदलतो. जास्त बाहेर गेला तर बारीक रनिंग लाइनला जड हेड उचलवत नाही आणि सगळा फुगा कोसळतो. शिकणारे जे म्हणतात ना, "मघाशी जमत होतं, आता का नाही", त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

वाऱ्याबद्दल मोठं लिहावं लागेल, कारण इथे डोळ्यांचा प्रश्न आहे.

नियम एकच: अँकर वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वारा लाइन तुमच्यापासून दूर ढकलेल असा. नदीच्या उलट, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या दिशेने वारा असेल तर अँकर वरच्या बाजूला: सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. प्रवाहाच्या खालच्या दिशेने वारा असेल तर अँकर खालच्या बाजूला: डबल स्पे किंवा स्नेक रोल. डाव्या काठावर उभे असाल, म्हणजे खाली बघताना जो डावीकडे येतो तो काठ, तर पाणी उजवीकडून डावीकडे जातं. तिथे वरच्या बाजूचे कास्ट उजवा हात वर ठेवून, खालच्या बाजूचे डावा हात वर ठेवून. दोन्ही हात शिकून घ्या. सुरुवातीपासून दोन्ही शिकलात तर फरक वाटत नाही. एक पक्का झाल्यावर दुसरा शिकायला माणूस कंटाळा करतो.

चश्मा घातल्याशिवाय पाण्यात उतरू नका. आणि सरावाला हुक नको. टिपेटच्या टोकाला लाल लोकरीचा झुपका बांधा. तो दिसतो, हवेत थोडा अडतो, आणि कानात घुसत नाही.

---

रेनकोट

काका, वाऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत.

एक भर. या चार कास्टमध्ये सिंगल स्पे आणि स्नेक रोल यांत अँकर पाण्याला टेकतो न टेकतो तोच पुढे जायचं असतं. डबल स्पे आणि स्नॅप-टीमध्ये तो पाण्यावर बसलेला असतो. लीडर निवडताना हे लक्षात घ्या. टेकून लगेच जाणाऱ्या कास्टला लांब, हलका, नीट उलगडणारा लीडर लागतो. बसलेल्या अँकरला आखूड चालतो. स्कॅजिटच्या बुडत्या टिपेवर सिंगल स्पे मारायला गेलात तर वेळ चुकतेच, ती लाइनच त्यासाठी नाही. म्हणून धागाकर्त्याला चारही शिकायचे असतील तर, मन मोठं करून म्हणतो, स्कँडीच घ्या. फक्त पहिल्या दिवशी डबल स्पेने सुरुवात करा.

---

मुळामुठा

एका बाजूला प्रश्न टाकते, चालेल ना? मी पुण्यात असते आणि महाशीरसाठी कुमाऊंला, पंचेश्वरच्या बाजूला जाते, जिथे सरयू कालीला मिळते. धरून लगेच सोडायचे, परवाने काढूनच. तिथे काठाला मोठमोठे धोंडे आणि मागे चढ असतो, एकहाती रॉडने मागे लाइन फेकायला जागाच मिळत नाही. ११ फुटी, ७ नंबरचा दोन हातांचा रॉड घेतलाय. पण पुण्यात वाहतं पाणी कुठे? धरणाच्या फुगवट्यावर सराव करता येईल का? त्यासाठी लाइन वेगळी लागेल?

(इंद्रायणीत देहूला जे राखलेले मासे आहेत त्यांना गळ लावायचा प्रश्नच नाही. आपल्या दख्खनी महाशीरची पैदास टाटा पॉवरवाले लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून करताहेत, ते एकदा जाऊन बघण्यासारखं आहे.)

---

मेलारेन

मुळामुठा, चालेल काय, बरंच झालं विचारलंत.

११ फुटी रॉडला लांब स्कँडी नको. २८ ते ३० फुटांचं आखूड स्कँडी किंवा २० फुटांचं आखूड स्कॅजिट. महाशीरला जड फ्लाय आणि खडकावर घासणारं पाणी, त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर स्कॅजिट आणि इंटरमीडिएट (सावकाश बुडणारी) टिप घेतली असती, टिपेट १६-२० पाउंडी, आखूड.

साचलेल्या पाण्यावर सराव नक्की होतो. अडचण एवढीच की प्रवाह लाइनला खाली नेऊन ताठ करत नाही. फेकल्यावर लाइन सरळ पडलेली राहते, आणि सैल असेल तर सैलच. म्हणून उचलण्याआधी रॉडचं टोक पाण्याशी नेऊन थोडी लाइन ओढायची, सगळी ताठ झाली की मगच उचल. सैल लाइन उचलली तर पहिली निम्मी हालचाल सैलपणा काढण्यातच जाते. दिशा बदलायचा सराव करायचा तर आधी एक रोल कास्ट डावीकडे टाका, मग तिथून समोर फेका. तोच तुमचा 'प्रवाह'.

पाणीच नसेल तर गवतावर. त्यासाठी वेगळा लीडर बांधावा लागतो: जाड, कडक नायलॉनचे पाऊण-एक फुटाचे तुकडे एकमेकांना बांधायचे आणि गाठींची टोकं कापायची नाहीत, इंच-दीड इंच बाहेर ठेवायची. ती टोकं गवतात अडकतात आणि पाण्यासारखी धरतात. साध्या लीडरने गवतावर अँकर बसतच नाही. काँक्रीटवर किंवा मुरुमावर करू नका, लाइनचं आवरण सोलून निघेल.

---

मुळामुठा

फार छान समजलं, मेलारेन. सोसायटीच्या मैदानावर पहाटे कोणी नसतं, तिथेच सुरू करते.

---

इन्व्हर्नेसवासी

अपडेट देतो. ३७ फुटी स्कँडी घेतलं, ५२५ ग्रेन, तरंगतं, सलग रनिंग लाइन. काका, रागावू नका, पुढचं ४५ फुटीच घेईन. लीडर मेलारेन यांच्या मापाने बांधला, १५ फूट. टोकाला लाल लोकर.

डबल स्पे बरा जातोय. सिंगल स्पेला मात्र अँकर टिकत नाही, लोकर मागे उडून चटकन वाजते. लीडर आणखी लांब करू का? की ५५० ग्रेनचं हेड बघू?

---

तोळामासा

हेड बदलू नका. ५२५ तुमच्या रॉडच्या पल्ल्याच्या बरोब्बर मध्ये आहे.

---

मेलारेन

हेड तर नाहीच, आणि लीडरही लगेच लांबवू नका. आधी अँकर कुठे पडतोय ते बघा. मोबाइल मागून ठेवून एक व्हिडिओ काढा. सिंगल स्पेमध्ये लोकर तुमच्या बाजूला, रॉडभर अंतरावर, आणि तुमच्या किंचित पुढे पडायला हवी. तुमच्या मागे पडत असेल तर कोणताही लीडर धरणार नाही. बहुतेकांचं असं होतं कारण उचलल्यानंतर रॉड मागे नेताना टोक वर चढतं आणि लाइन जोरात मागे खेचली जाते. टोक आधी किंचित खाली, मग वर, असं उथळ न्या. सावकाश.

पडलेल्या लीडरची दिशाही बघा. तो तुम्ही जिकडे फेकणार त्या दिशेला समांतर हवा. आडवा पडला असेल तर फेकताना आधी तो सरळ होणार, मग पुढे जाणार, आणि तेवढ्यात सगळा जोर संपलेला असतो.

हे दोन्ही बरोबर असूनही सुटत असेल तर मग टिपेट फूटभर वाढवा, जास्त नाही. तरीही सुटला तर तरंगता १० फुटी पॉलीलीडर (प्लास्टिकचं आवरण असलेला तयार निमुळता लीडर) आणि त्यापुढे ५ फूट टिपेट लावून बघा. पॉलीलीडरचं आवरण नायलॉनपेक्षा जड असतं, पाण्याला जास्त चिकटतं. काही जण सरावाला इंटरमीडिएट पॉलीलीडर लावतात, तो थोडा बुडून आणखी घट्ट धरतो. उपयोग होतो, पण त्याची सवय लावून घेऊ नका, उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यात लहान फ्लायला तो नको असतो.

---

टेकाठ

रागवायचं काय त्यात! ३७ फूट उत्तम आहे.

व्हिडिओचं मेलारेन यांनी सांगितलं ते आधी करा. मी एवढंच सांगेन की एका शनिवारी एकच गोष्ट बदला. लीडर, जागा, वारा, हात, सगळं एकदम बदललं की काय सुधारलं ते कळत नाही. आणि शक्य असेल तर एखाद्या सकाळी प्रमाणित प्रशिक्षकाला बरोबर घ्या. नवीन हेडपेक्षा ते स्वस्त पडतं.

---

मेलारेन

काकांच्या बोलण्याला अनुमोदन.

जाता जाता एक महत्त्वाचं, विषय थोडा सोडून. इन्व्हर्नेसवासी, कधी नॉर्वेला गेलात तर वेडर, बूट, लाइन, रील, जाळं सगळं निर्जंतुक करून घ्यावं लागतं, नद्यांवर त्यासाठी केंद्रं असतात. जायरोडॅक्टिलस सॅलारिस नावाच्या परजीवीने तिथल्या कितीतरी नद्यांतला सॅमन संपवला होता, आणि तो ओल्या सामानावरून एका नदीतून दुसरीत जातो. परत येतानाही तेच करा. तो परजीवी ब्रिटनमध्ये अजून नाही, आणि येऊ नये यासाठी तिथली मंडळी फार जपतात.

---

इन्व्हर्नेसवासी

व्हिडिओ काढला. मेलारेन, लोकर माझ्या मागे, जवळजवळ चार फूट मागे पडत होती. टोक खाली ठेवून सावकाश नेलं तर बाजूला येतेय, चार-पाचातून एखादी मागे जाते. लीडर तसाच ठेवलाय. वरच्या बाजूने वारा आला की परत बिघडतं, पण मग मी डबल स्पेकडे वळतो.

एक शंका राहिली. सारखं फेकून शेवटच्या तीन फुटांच्या टिपेटला मुरड पडलीय, मधे एक बारीक गाठही दिसतेय, मी बांधलेली नव्हे. टिपेट बदलायचं की गाठ सोडवायची?

---

मेलारेन

बदलायचं. ती वाऱ्याने किंवा घसरलेल्या अँकरने आपोआप पडलेली गाठ आहे, आणि तिथे नायलॉनची ताकद फार कमी होते. सरावाला लोकर असताना काही बिघडत नाही, पण फ्लाय बांधायच्या दिवशी सकाळी आधी शेवटचे तीन फूट बोटांतून फिरवून बघा, खरखर लागली की कापून नवे ३ फूट १५ पाउंडी बांधा. २० पाउंडीचा तुकडाही दर वेळी गाठीपाशी थोडा आखूड होत जातो. तो दोन फुटांच्या आत आला की तोही बदला, नाहीतर निमुळतेपणा जाईल. एप्रिलमध्ये बुडणारी टिप घ्यायची वेळ आली की इथेच लिहा, रेनकोट आहेतच.